अलास्का : लेक चालली आहे, मला त्या मुलखाची ओळख करून द्या

वारणाकाठची | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथं एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय.

धाकटीला अलास्का विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळाला, फेअरबँक्सला. विषय गोठलेल्या जमिनीचा. आमची जमीन काळी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, तिच्या लेकीनं गोठलेली माती खरवडायला इतक्या लांब का जावं, हे मी विचारून झालं. उत्तर मिळालं, पण कळलं नाही. ऑगस्टात निघते आहे.

घरातल्या जुन्या ॲटलासमध्ये अमेरिकेचं पान उघडलं. अलास्का खाली डाव्या कोपऱ्यात, हवाई बेटांशेजारी, छोट्या चौकटीत. मी ह्यांना म्हटलं, "बरं झालं, समुद्राकाठचं उबदार बेट दिसतंय." हे अजून हसतायत.

तर ज्यांनी पाहिलंय, जे तिथं राहिलेत, त्यांनी लिहा. प्रवासवर्णन नको, रोजचं लिहा. पाणी कसं, घर कसं, चालायचं कसं. आणि घाबरवू नका, मी आधीच घाबरलेली आहे.

---

रिकामटेकडा | १४ जून, रात्री ९:५२

ताई, पहिला नंबर माझा. काहीही माहीत नाही, पण धागा वाचणार.

---

खडूस_आजोबा | १४ जून, रात्री १०:३०

त्या चौकटीनं फार लोकांना फसवलंय. छापणाऱ्याला पानात जागा नसते म्हणून तो अलास्का कापून, लहान करून कोपऱ्यात ठेवतो. खरा आकार सुमारे १७ लाख २० हजार चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्रासारखे साडेपाच महाराष्ट्र त्यात बसतील. अख्ख्या भारताच्या निम्म्याहून थोडा जास्त.

आणि माणसं? २०२० च्या जनगणनेत ७ लाख ३३ हजार. तुमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०११ साली पाच लाखांवर लोक होते. म्हणजे तुमच्या महापालिकेच्या दीडपट माणसं साडेपाच महाराष्ट्रांत पसरून द्यायची. त्यातलीही ४० टक्के एकट्या अँकरेज शहरात. उरलेल्या मुलखात काय असेल ते तुम्हीच ताडा.

---

वारणाकाठची | १४ जून, रात्री १०:४१

आजोबा, घाबरवू नका म्हटलं होतं.

---

भटकभवानी | १५ जून, सकाळी ८:०५

अगं ताई, नशीबवान आहे तुझी लेक! आम्ही तीन वर्षांपूर्वी क्रूझनं गेलो होतो. केचिकन, जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे. डेकवर उभं राहून बघत होतो आणि समोर हिमनदीचा कडा सुटून पाण्यात पडला. आधी नुसतं पडताना दिसतं, आवाज नंतर येतो, लांब कुठंतरी सुरुंग उडवल्यासारखा. जुनो तर राजधानी असून तिथं बाहेरून रस्ताच जात नाही! विमान नाहीतर बोट. मागं बर्फाचं पठार, पुढं समुद्र. मंत्रालयात जायचं तर होडीनं जा म्हटल्यासारखं.

नंतर सुअर्ड गावाजवळ एक्झिट ग्लेशियर पाहिली. पार्किंगपासून वाटेवर नुसत्या सालांच्या पाट्या. १९१७. बरंच पुढं १९५१. म्हणजे त्या साली हिमनदीचं टोक इथं होतं. आता तिथं झाडी. २०१० च्या पाटीपाशी आमचा ग्रुप फोटो काढायला थांबला, तर हिमनदी फोटोत यायला तयार नाही, तीही इतकी मागं गेलेली.

फार सुंदर राज्य. आम्ही पूर्ण पाहिलं.

---

ध्रुवशेजारी | १५ जून, सकाळी ११:२०

भटकभवानी, राग मानू नका, पण नकाशावर अलास्का तव्यासारखा दिसतो, आणि तुम्ही पाहिलात तो तव्याचा दांडा. तवा वर आहे. कोकण रेल्वेनं मडगावला जाऊन भारत पाहिला म्हणण्यातला प्रकार.

वारणाकाठचीताई, मी फेअरबँक्सला नऊ वर्षं होतो, त्याच विद्यापीठात. रोजचं लिहायला सांगितलंत म्हणून सवडीनं लिहितो.

फेअरबँक्स अगदी मध्यावर आहे, समुद्रापासून लांब. गाव साधारण ३२ हजारांचं. समुद्र नसल्यानं हवा दोन्ही टोकांना जाते. जुलैत तीस अंश सेल्सिअस मी पाहिलेत, जानेवारीत उणे चाळीस. उणे चाळीसला सेल्सिअस की फॅरनहाइट असं विचारावं लागत नाही, दोन्ही तिथं एकच आकडा दाखवतात. तेवढीच एक सोय.

पहिली गोष्ट, गाडी. प्रत्येक गाडीच्या तोंडातून विजेची पिन लोंबत असते. परदेशी माणसाला वाटतं, सगळ्या गाड्या बॅटरीवरच्या. तसं नाही. इंजिनाला, तेलाच्या टाकीला, बॅटरीला गरम ठेवणारे हीटर असतात, आणि पार्किंगमध्ये जागोजाग सॉकेट. पिन लावायला विसरलात तर सकाळी गाडी म्हणजे लोखंडाचा ढीग. रात्रभर उभ्या गाडीची चाकं खालून चपटी होऊन तशीच कडक होतात. पहिला मैलभर बैलगाडीत बसल्यासारखं ठक-ठक जायचं, मग ती गोल होतात.

दुसरी गोष्ट, उजेड. २१ डिसेंबरला सूर्य जेमतेम पावणेचार तास. तोही वर चढत नाही, कुंपणावर बसलेल्या मांजरासारखा कडेकडेनं जातो आणि उतरतो. लोक डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात, टेबलावर खास उजेडाचे दिवे लावतात. हे थट्टेवारी नेऊ नये, मन खरंच बसतं. जूनमध्ये उलट, जवळजवळ बावीस तास सूर्य, आणि उरलेल्या दोन तासांतही अंधार असा नाहीच. खिडकीला ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवून झोपायचं. २१ जूनच्या रात्री तिथं दिव्यांशिवाय बेसबॉलचा सामना होतो, १९०६ पासून.

तिसरी गोष्ट, घर. हे जरा बसून वाचा. बरेच विद्यार्थी 'ड्राय केबिन'मध्ये राहतात. म्हणजे लाकडी खोली, वीज आहे, हीटर आहे, इंटरनेट आहे. पाण्याचा नळ नाही.

---

वारणाकाठची | १५ जून, सकाळी ११:३४

नळ नाही म्हणजे?

---

ध्रुवशेजारी | १५ जून, दुपारी १२:१०

म्हणजे नाही. खाली जमीन कायमची गोठलेली, त्यात नळ टाकायचा तर खर्च अफाट आणि टाकला तरी गोठायचा. म्हणून पाणी भरायच्या केंद्रावर जाऊन वीस-वीस लिटरचे कॅन भरून आणायचे. सिंकखाली बादली. ती ओतायला विसरलं की काय होतं ते सगळ्यांना एकदा कळतं. अंघोळ विद्यापीठात नाहीतर लाँड्रीत. संडास बाहेर, पंधरा-वीस पावलांवर. त्याच्या बैठकीला निळ्या फोमची जाड पट्टी कापून बसवतात, ती कधी गार लागत नाही. उणे चाळीसला लाकडी बैठकीवर बसून बघा, मग त्या निळ्या फोमला हात जोडाल.

भाडं कमी पडतं म्हणून पोरं राहतात, आणि गंमत म्हणजे पुढं त्यांना तेच आवडायला लागतं. मी सहा वर्षं राहिलो. विद्यापीठाची वसतिगृहं आहेत, तिथं नळ आहे. पहिलं वर्ष तिथंच काढायला सांगा.

---

वारणाकाठची | १५ जून, दुपारी १२:३०

माझ्या सासूबाई आडाचं पाणी शेंदून डोक्यावरून आणायच्या. नळ आला तेव्हा त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. आता नात अमेरिकेला जाऊन परत पाणी भरणार. हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

---

रिकामटेकडा | १५ जून, दुपारी १२:३३

ताई, सांगा की आड गोठलाय.

---

हळदीचं_पान | १५ जून, दुपारी ४:१५

मी खाण्याचं बोलते, कारण कोणीच बोलत नाहीये. बहीण तिथल्या कोडियाक बेटावर होती, तिच्याकडे दोन उन्हाळे काढले.

अलास्का म्हणजे सामन. आपल्याकडे हॉटेलवाले रावसाला 'इंडियन सामन' म्हणून खपवतात, त्याचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही. तिथं सामन पाच जातींचा, आणि पोरांना ते हाताच्या बोटांवर शिकवतात. अंगठा म्हणजे चम, कारण यमक 'थंब'शी जुळतं. तर्जनी डोळ्यात खुपसता येते म्हणून सॉकआय. मधलं बोट सगळ्यात मोठं, तो किंग. अंगठीचं बोट सिल्व्हर. करंगळी पिंक. बहिणीच्या शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीनं मला हे शिकवलं आणि लगेच परीक्षा घेतली.

हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला स्वतःच्या जन्माच्या नदीत परततो. आपला पाला (बंगाल्यांची इलिश) तसाच नदीत चढतो, पण तो परत जाऊ शकतो. हा सामन गोड्या पाण्यात शिरला की खाणं सोडतो, आणि अंडी घालून मरतो. ओढ्याकाठी मेलेल्या माशांचा खच आणि अस्वलं. वास विचारू नका. ब्रिस्टल बेमध्ये सॉकआयची जगातली सगळ्यात मोठी झुंड येते.

सॉकआयचा रंग आतून केशरी-लाल, चव दाट. मी कोकम, लसूण, तिखट लावून तव्यावर टाकला. बहिणीचे गोरे शेजारी लिंबू-मिरपूड सोडून काही लावत नाहीत, त्यांनी दोनदा मागून घेतला. कढीपत्ता मात्र जाताना वाळवून न्यायला सांगा.

---

अँकरेजवाली | १६ जून, सकाळी ७:५०

मी अकरा वर्षं अँकरेजला आहे, दोन मुलं इथंच शाळेत. इथं नळ आहेत हो ताई, मॉल आहेत, ट्रॅफिकही आहे! फक्त ट्रॅफिकमध्ये मूस पण असतो. बैलाहून उंच, लांब पायांचा, बावळट तोंडाचा. मुलांच्या बसथांब्यावर उभा राहिला तर बस येईपर्यंत आम्ही घरात. इथल्या पोरांना पाठ असतं, मूस अंगावर आला तर पळा आणि झाडामागं जा, अस्वल समोर आलं तर अजिबात पळू नका. उलटसुलट झालं की संपलं.

आणि भूकंप. इथं बारीकसारीक हादरे पापड भाजल्यासारखे चालूच असतात. २०१८ च्या ३० नोव्हेंबरला सकाळी साडेआठच्या सुमाराला ७.१ चा आला. मी फोडणी करत होते. मोहरी तडतडत होती आणि वाटलं तीच जरा जोरात तडतडतेय. मग डाळींच्या बरण्या एकेक करून ओट्यावर यायला लागल्या, उड्या मारत. गॅस बंद केला आणि टेबलाखाली गेले. मसुराची डाळ अजून कपाटाच्या फटीतून निघते. एकही माणूस दगावलं नाही, याचं कारण १९६४.

त्या वर्षी २७ मार्चला, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, ९.२ चा भूकंप झाला होता. साडेचार मिनिटं जमीन हलत होती. अँकरेजमधली एक अख्खी वस्ती घसरत समुद्राकडं गेली, तिथं आता पार्क आहे. व्हाल्डीझ गाव तर नंतर दुसऱ्या जागी नव्यानं बांधलं. त्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले, ते आमच्या कामी आले.

---

वारणाकाठची | १६ जून, सकाळी ८:३०

भूकंपाचं आम्हाला सांगू नका बाई. १९६७ चा कोयनेचा. आई सांगायची, रात्री गोठ्यातली म्हैस आधी ओरडली, मग भांडी पडली. मी अंगावर पीत होते म्हणे. त्या रात्रीनंतर आठ दिवस सगळी गल्ली अंगणात झोपत होती.

भूकंपाची भीती गेली एकदम. ओळखीचा आहे तो.

---

भटकभवानी | १६ जून, दुपारी २:००

एक मात्र मानलं पाहिजे, रशियाकडून विकत घेताना अमेरिकेला हे सगळं भलतंच स्वस्तात पडलं! ७२ लाख डॉलर! एकरी दोन सेंट! आमच्या गाइडनं सांगितलं, तेव्हा लोक त्याला येडपटपणा म्हणत होते.

---

खडूस_आजोबा | १६ जून, दुपारी ३:१०

गाइडनं पुढचं सांगितलं नसेल. १८६७ सालच्या ३० मार्चला पहाटे चार वाजता करारावर सह्या झाल्या. अमेरिकेकडून परराष्ट्रमंत्री सुअर्ड, रशियाकडून वकील स्टेकल. क्रिमियाच्या युद्धानं रशियाचा खजिना आटला होता, समुद्री ऊदबिलावांची कातडी ओरबाडून संपत आली होती, आणि युद्ध झालं तर इंग्रज कॅनडातून येऊन ते फुकटात घेतील ही धास्ती होती. विकणाऱ्याचा हिशेब पक्का होता.

पण विकलं काय? रशियन माणसं तिथं काहीशे, किनाऱ्याकिनाऱ्यानं. आतल्या मुलखात त्यांचं पाऊल फारसं पडलं नव्हतं. तिथं हजारो वर्षं राहत होते ते इन्युपिआक, युपिक, अथाबास्कन, त्लिंगित, हायडा, अल्यूशियन बेटांवरचे उनांगन. त्यांना कुणी विचारलं नाही. त्लिंगितांनी तेव्हाच हरकत घेतली होती की जमीन आमची, तुम्ही कोण विकणारे. बिऱ्हाडकरूनं वाडा विकावा आणि घेणाऱ्यानं पेढे वाटावेत, त्यातली गत.

हक्काचा निकाल लागायला १९७१ उजाडलं. तेव्हा मूळ रहिवाशांना सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर देण्याचा कायदा झाला. तोही सदसद्विवेक जागा झाला म्हणून नाही. उत्तरेला तेल सापडलं होतं, नळ टाकायचा होता, आणि जमीन कुणाची हे ठरल्याशिवाय तो टाकता येईना.

जाता जाता एक चमचमीत गोष्ट. हस्तांतर झालं १८ ऑक्टोबरला. तोवर अलास्कात रशियाचं जुनं कॅलेंडर चालू होतं आणि वाररेषाही (जिथं तारीख बदलते ती) पलीकडून धरलेली. दोन्ही बदललं. त्यामुळं ६ ऑक्टोबरचा शुक्रवार संपला आणि दुसऱ्या दिवशी १८ ऑक्टोबर उजाडला, तोही शुक्रवारच.

---

रिकामटेकडा | १६ जून, दुपारी ३:१८

दोन शुक्रवार ठीक आहेत, शनिवार दोनदा आला असता तर मीही तिकडं गेलो असतो.

---

भटकभवानी | १६ जून, दुपारी ३:४०

आजोबा, तुम्ही प्रत्येक धाग्यावर विरजण घालता. पण हे माहीत नव्हतं. 'पूर्ण पाहिलं' हेही मागे घेते.

---

नळजोडणी | १७ जून, रात्री १:२५

तेलाच्या नळाचा विषय निघाला आणि मला झोप येईना.

मी पाइपलाइनमधला माणूस. कामानिमित्त दोनदा उत्तरेला जाऊन आलो. उत्तर किनाऱ्यावरच्या प्रुडो बेपासून दक्षिणेच्या व्हाल्डीझ बंदरापर्यंत ८०० मैल, म्हणजे जवळजवळ १,२९० किलोमीटर, चार फूट व्यासाचा नळ. १९७५ ते ७७ मध्ये बांधला. निम्म्याहून जास्त जमिनीच्या वर, खांबांवर. कारण तेल निघतं गरम. गरम नळ गोठलेल्या मातीत पुरला तर माती वितळून चिखल होणार आणि नळ खचणार.

खांबांनीही उष्णता खाली जाऊ नये म्हणून खांबांत अमोनिया भरलेल्या बारीक नळ्या आहेत आणि डोक्यावर पंखांचे झुपके. हिवाळ्यात खालची ऊब अमोनिया वर आणून हवेत सोडतो आणि पुन्हा खाली उतरतो. ना पंप, ना वीज. पन्नास वर्षं गप काम चालू आहे. मी त्या पंखांना हात लावून पाहिला. फोरमन म्हणाला, "हातमोजा काढू नकोस." मी काढला. बोटाची कातडी तिथंच थोडी राहिली.

नळ सरळ नाही, नागमोडी टाकलाय, आकुंचन-प्रसरणाला जागा राहावी म्हणून. आणि जिथं तो भूकंपाच्या भेगेवरून जातो तिथं नुसता रुळांवर ठेवलाय, बांधलेला नाही. २००२ च्या नोव्हेंबरात ७.९ चा भूकंप झाला. जमीन सरकली, नळ रुळांवरून घसरला, थेंब सांडला नाही. आमच्या धंद्यात ही गोष्ट देवळातल्या कीर्तनासारखी सांगतात.

सांडलं ते पुढं, समुद्रात. १९८९ च्या मार्चमध्ये व्हाल्डीझहून निघालेलं एक्सॉन व्हाल्डीझ जहाज खडकावर चढलं, एक कोटी दहा लाख गॅलन तेल. तो किनारा अजून उकरला तर काही ठिकाणी खाली तेल लागतं.

वारणाकाठचीताई, मुलीला प्रुडो बेकडं जाणाऱ्या डाल्टन हायवेवर जायची वेळ येईलच, त्यांच्या साइट तिकडं असतात. ६६६ किलोमीटर, बराचसा खडीचा. वाटेतल्या कोल्डफूट गावानंतर ३८० किलोमीटर पेट्रोल नाही, हॉटेल नाही, काही नाही. दोन स्टेपनी न्यायच्या आणि ट्रक दिसला की वेग कमी करून कडेला व्हायचं. काच फुटतेच, ती हिशेबात धरायची.

---

अँकरेजवाली | १७ जून, सकाळी ९:००

त्या तेलाच्या पैशातून आम्हाला दरवर्षी पैसे मिळतात, हे कुणी सांगितलंच नाही! १९७६ साली राज्यानं तेलाच्या उत्पन्नाचा एक भाग बाजूला टाकायला सुरुवात केली, १९८२ पासून त्याचा लाभांश वाटतात. तान्ह्या बाळालासुद्धा. २०२२ ला माणशी ३,२८४ डॉलर आले होते, नंतर कमी झाले. वर राज्याचा प्राप्तिकर नाही. दर निवडणुकीत भांडण एकच, लाभांश किती. विद्यार्थ्यांच्या व्हिसावर मात्र तो मिळत नाही, तेव्हा ताई, गृहीत धरू नका.

---

ध्रुवशेजारी | १७ जून, सकाळी १०:४०

आजोबांनी जमातींची नावं घेतली त्यावरून. ताई, लेकीला एक सांगून ठेवा. 'एस्किमो' हा शब्द आपण शाळेत शिकलो, तिथं बऱ्याच जणांना तो आवडत नाही. ज्याची जी ओळख आहे ती विचारावी.

फेअरबँक्सच्या विद्यापीठात १९७२ पासून मूळ रहिवाशांच्या भाषांचं केंद्र आहे. तिथल्या कपाटांत अशा भाषांच्या ध्वनिफिती आहेत ज्या आता कुणाच्या घरात बोलल्या जात नाहीत. एयाक भाषा लहानपणापासून बोलणाऱ्या शेवटच्या बाई, मेरी स्मिथ जोन्स, २००८ साली जानेवारीत वारल्या. नऊ मुलं होती. त्यांच्या काळात शाळेत इंग्रजीशिवाय बोललं की मार बसायचा, म्हणून एकाही मुलाला भाषा दिली नाही. मी ती ध्वनिफीत एकदा ऐकली. एक म्हातारी बाई स्वतःशीच गोष्ट सांगतेय, मध्येच हसते. आपल्या आजीसारखं. त्या दिवशी मी घरी फोन करून तासभर विनाकारण मराठीत बोललो.

२०१४ साली राज्यानं वीस मूळ भाषांना इंग्रजीसोबत राजभाषेचा दर्जा दिला.

---

वारणाकाठची | ३ सप्टेंबर, रात्री १०:१५

धागा वर काढते आहे. गेली लेक. वसतिगृहात आहे, नळ आहे (सासूबाईंना सांगितलं).

तिच्या-माझ्यात साडेतेरा तासांचा फरक. मी सकाळी चहा करते तेव्हा तिचा आदल्या दिवसाचा संध्याकाळचा चहा. आमची पूजा झाली की तिला अजून पूजेचा दिवस उगवायचा असतो. परवा गौरी जेवल्या. तिच्या मध्यरात्री तिचा व्हिडिओ कॉल आला, बोलेच ना. नुसता फोन आभाळाकडं धरलेला. आधी मला काळंच दिसलं. मग हिरवा पदर कुणी झटकावा तसं काहीतरी हललं. कडेला जरासं जांभळं. ती हळूच म्हणाली, "आई, आवाज नाही गं याला काही." मी गौरींपुढं बसले होते, तिथूनच हात जोडले.

तिनं एक फुलाचं नाव सांगितलं, फायरवीड. रस्त्याकडेला गुलाबी तुरे. खालून वर उमलत जातं, आणि शेंड्याचं फूल उमललं की उन्हाळा संपला असं तिथले लोक म्हणतात. ती पोचली तेव्हाच शेंड्यापर्यंत उमलून गेलं होतं.

---

वारणाकाठची | ९ जानेवारी, सकाळी ७:००

उणे चाळीस झालं. विद्यापीठाच्या दारात तापमानाची मोठी पाटी आहे, उणे चाळीस लागलं की पोरं तिथं पोहण्याच्या कपड्यांत फोटो काढतात म्हणे. फोटो आलाय. आमची जाकीट घालून उभी आहे, एवढी अक्कल शिल्लक आहे. पापण्यांवर मात्र पांढरं.

तिला सरांनी गोठलेल्या जमिनीतल्या बोगद्यात नेलं होतं, गावाबाहेर फॉक्सजवळ. भिंतीतून गवताची मुळं, मॅमथची हाडं बाहेर आलेली. काही बर्फ चाळीस हजार वर्षांचा. "वास कसला होता?" मी विचारलं. म्हणाली, "पावसात भिजलेली कडब्याची गंजी आतून उपसल्यावर येतो तसा." तो वास मला ठाऊक आहे. मग तिनं तिचं काम सांगितलं. हे सगळं गवतपाला थंडीनं कुजायचं थांबलंय. वितळलं की पुन्हा कुजायला लागणार आणि वायू सुटणार, वरचे रस्ते-घरं खचणार ती वेगळीच. डेनाली पार्कचा रस्ता त्यामुळंच २०२१ साली अर्ध्यात बंद करावा लागला.

जूनमध्ये जे कळलं नव्हतं ते गंजीवरून कळलं. तिला आधी तसंच सांगायला काय झालं होतं?

---

नळजोडणी | ९ जानेवारी, सकाळी ११:३०

ताई, आमच्या कंपनीतल्या तज्ज्ञानं चाळीस स्लाइड दाखवूनही इतकं समजलं नव्हतं.

---

अँकरेजवाली | १० जानेवारी, सकाळी ८:१५

तिला उन्हाळ्यात आमच्याकडं पाठवा. गाडीनं ५८० किलोमीटर, इथल्या मानानं शेजार. पुरणपोळी करते. व्हिटियर दाखवू, तिथं जवळजवळ सगळं गाव एकाच चौदा मजली इमारतीत राहतं आणि जायला एकच बोगदा, त्यातून आगगाडी आणि मोटारी आळीपाळीनं.

---

वारणाकाठची | ४ एप्रिल, रात्री ९:२०

एक सल्ला हवाय. फेअरबँक्सच्या खाली नेनाना गाव आहे. तिथं नदीच्या बर्फावर लाकडी तिकाटणं उभं करतात, तारेनं घड्याळाला जोडतात. बर्फ फुटून ते वाहून गेलं की घड्याळ थांबतं. कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, हे आधी लिहून द्यायचं. बरोबर आलं तर पैसे. लेकीनं माझ्या नावानं एक तिकीट घ्यायचं म्हटलंय, तारीख मी सांगायची. मी अक्षय तृतीया सांगितली. १९ एप्रिल, दुपारी १२:०५.

---

ध्रुवशेजारी | ४ एप्रिल, रात्री ९:४५

हा जुगार १९१७ पासून चालू आहे ताई. रेल्वेच्या इंजिनिअरांनी ८०० डॉलर जमवून सुरू केला. मी नऊ वर्षं हरलोय. १९ फार लवकर होतं. बर्फ बहुतेक एप्रिल अखेर नाहीतर मेच्या पहिल्या आठवड्यात फुटतो. २०१९ ला १४ एप्रिललाच फुटला होता, पण तो आजवरचा सगळ्यात लवकरचा. मुदत उद्या संपते, तारीख बदला.

---

रिकामटेकडा | ४ एप्रिल, रात्री ९:५०

आणि दुपारी १२:०५ कुठले? इकडचे की तिकडचे?

---

वारणाकाठची | ४ एप्रिल, रात्री १०:०२

बर्फ तिकडचा, तर वेळ तिकडची. तारीख बदलणार नाही. आताच फोन केला, तिनं चिठ्ठी लिहून डब्यात टाकली आहे.